पवनचक्की उभी कशी राहते : पायाच्या खड्ड्यापासून पहिल्या फेऱ्यापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याहून सज्जनगड आणि ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर गेलेल्या, किंवा धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न येतो : एवढे मोठे यंत्र या जागी आणले कसे आणि उभे केले कसे? पवनचक्की उभारणीच्या कामावर बरीच वर्षे घालवल्यामुळे हा प्रश्न मला गावकरी, विद्यार्थी, पत्रकार आणि नातेवाईक अशा सर्वांनी विचारला आहे. त्यांना दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. वनकुसवड्याच्या पठारावरील सुरुवातीच्या पवनचक्क्या काही शे किलोवॉटच्या होत्या. अलीकडे धाराशिव, बीड, सोलापूर आणि जतच्या भागात ज्या उभ्या राहत आहेत त्या तीन मेगावॉटच्या आसपासच्या आहेत. खालील आकडे अशाच एका मोठ्या यंत्राचे, म्हणजे सुमारे १४० मीटर उंचीचा टॉवर आणि तेवढ्याच व्यासाचा रोटर, म्हणजे पात्यांसह फिरणारा भाग, असलेल्या पवनचक्कीचे आहेत. उत्पादकानुसार ते थोडे कमी-अधिक होतात.

पवनचक्कीचे मुख्य भाग कोणते?

जमिनीखाली पाया, त्यावर पोलादी नळकांड्यांचा टॉवर, टॉवरच्या डोक्यावर नेसेल, नेसेलच्या पुढे हब आणि हबला जोडलेली तीन पाती, एवढेच. नेसेल म्हणजे वरची ती मोठी पेटी. खालून ती लहान दिसते, परंतु तिच्यात माणसे उभी राहून काम करू शकतात. मुख्य शाफ्ट, गिअरबॉक्स, जनित्र, ब्रेक आणि संपूर्ण डोके वाऱ्याकडे वळवणारी यंत्रणा तिच्यात बसवलेली असते. रोटर मिनिटाला दहा-बारा फेरे घेतो, जनित्राला मात्र हजाराहून अधिक फेरे लागतात, आणि हा फरक गिअरबॉक्स भरून काढतो. काही उत्पादक गिअरबॉक्सशिवायची, मोठ्या व्यासाच्या जनित्राची यंत्रेही बनवतात. तिथे उभारणीचा क्रम तोच राहतो, उचलायची वजने बदलतात.

एवढी उंची आणि एवढी लांब पाती खरोखर लागतात का?

लागतात. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला सहा मीटरऐवजी सात मीटर वारा मिळाला, तर उपलब्ध शक्ती जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढते. जमिनीलगत झाडे, घरे आणि चढउतार वाऱ्याला अडवतात, म्हणून वर जावे लागते. पाती जेवढे वर्तुळ झाडतात तेवढाच वारा पकडला जातो, आणि १४० मीटर व्यासाचा रोटर सुमारे १५,४०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पावणेचार एकरांचे वर्तुळ झाडतो. आपल्या पठारांवर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर उंचीवर हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, त्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्यातून त्याच प्रमाणात कमी शक्ती मिळते.

उभारणीचे काम पावसाळ्यात का दिसत नाही?

सह्याद्रीच्या पठारांवर वर्षातील सर्वांत जोरदार वारा जून ते सप्टेंबर या काळात वाहतो. वीज तयार होण्याचा हंगाम तो. मात्र क्रेनच्या दोरावर शंभर टनांचे ओझे टांगून काम करणाऱ्यांसाठी तोच काळ सर्वांत वाईट. शिवाय काळ्या जमिनीचे रस्ते पावसात खचतात. त्यामुळे पाऊस ओसरला की रस्ते आणि पाये, आणि हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत उभारणी, असे आमचे वर्ष चालते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात साइटवर जी घाई दिसते तिचे कारण हेच आहे : पहिल्या पावसाआधी यंत्र सुरू झाले नाही, तर एका संपूर्ण हंगामाची वीज हातची जाते.

पाया किती मोठा असतो आणि तो कसा बांधतात?

लोकांना टॉवर दिसतो, पाया दिसत नाही. माझ्या मते पवनचक्कीच्या आयुष्याचा निर्णय मात्र या न दिसणाऱ्या भागातच होतो. कामाच्या वाऱ्यात रोटरवर सुमारे साठ-सत्तर टनांचा आडवा रेटा येतो, आणि तो १४० मीटर उंचीवर येत असल्यामुळे पायाच्या कडेला एखाद्या लांब पहारीने उखडावे तसा ताण निर्माण होतो. या उलथण्याला अडवण्याचे काम पाया केवळ आपल्या वजनाने आणि पसरटपणाने करतो. म्हणूनच तो खोल विहिरीसारखा नसून ताटासारखा पसरट, गोल किंवा अष्टकोनी असतो. त्याचा व्यास वीस मीटरांच्या आसपास, खोली सुमारे तीन मीटर, त्यात पाचशे घनमीटरच्या आसपास काँक्रीट आणि कित्येक टन सळई. एवढ्या काँक्रीटचे वजनच साडेबाराशे टन होते, आणि त्यावर पुन्हा खोदलेली माती व मुरूम दाबून भरला जातो. तो भरावही वजन म्हणून हिशेबात धरलेला असतो, त्यामुळे त्यात हयगय चालत नाही.

खोदण्याआधी जमिनीची तपासणी होते. साताऱ्याच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरील खडकाळ पठारांवर, वर जांभा आणि खाली काळा कातळ अशी रचना आढळते. जांभ्यात कधीकधी पोकळ्या असतात, त्यामुळे वरून टणक वाटणाऱ्या जागेवर विसंबून राहता येत नाही. बोअर घेऊन नमुने काढल्याशिवाय आणि जमिनीची भार सोसण्याची क्षमता मोजल्याशिवाय पायाचा आराखडा पक्का केला जात नाही.

खड्डा झाला की तळाशी साध्या काँक्रीटचा पातळ थर घालून त्यावर बोल्टचा पिंजरा उभा करतात. वर एक आणि खाली एक अशी दोन पोलादी कडी आणि त्यांना जोडणारे माणसापेक्षा उंच बोल्ट, असा हा पिंजरा असतो. पुढे टॉवर याच बोल्टवर बसणार असतो. पिंजऱ्याचे वरचे कडे पातळीत आणण्यासाठी सर्व्हेअर लेव्हल मशीन लावून एकेका बोल्टपाशी मोजणी घेतो, फोरमन खालचा नट पाव फेरा फिरवतो, पुन्हा मोजणी होते, आणि हे तासन्‌तास चालते. चार-सव्वाचार मीटर व्यासाच्या कड्यात दोन मिलिमीटरचा फरक राहिला, तर १४० मीटर वर टॉवरचे डोके साडेसहा सेंटीमीटर कलते. हा हिशेब एकदा करून दाखवला की नवखा मदतनीससुद्धा त्या दोन मिलिमीटरकडे आदराने पाहू लागतो.

काँक्रीट रात्रभर का ओतत राहतात? दोन दिवसांत सावकाश का करत नाहीत?

अर्धवट ओतून थांबले की खालचा थर घट्ट होऊ लागतो आणि नंतर ओतलेले काँक्रीट त्याच्याशी एकजीव होत नाही. बाहेरून तो सांधा दिसत नाही, परंतु वर्षानुवर्षे डोलणाऱ्या टॉवरखाली पाया नेमका तिथेच उकलण्याची भीती असते. म्हणून पाचशे घनमीटर काँक्रीट सलग, दहा-बारा तासांच्या एकाच बैठकीत ओतावे लागते. सहा घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या ऐंशीहून अधिक खेपा होतात. उन्हाळ्यात दुपारचे ऊन टाळण्यासाठी सायंकाळी सुरुवात करून पहाटे संपवतात आणि पाण्यात बर्फही घालतात, कारण सिमेंट घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते आणि एवढ्या जाड गोळ्याचा गाभा फार तापला तर आतून तडे जातात.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका ठिकाणी मध्यरात्री मिश्रण तयार करणाऱ्या प्लांटचा जनरेटर बंद पडला. दुसरा जनरेटर कागदोपत्री होता, जागेवर नव्हता. अडीच तासांनी काम पुन्हा सुरू झाले तेव्हा आधीच्या थरात व्हायब्रेटरची नळी शिरेना. वरिष्ठ अभियंत्यांनी तो पाया नाकारला. ठेकेदाराने पुष्कळ विनवण्या केल्या, पण निर्णय बदलला नाही, आणि ब्रेकर लावून तो संपूर्ण पाया फोडायला कित्येक दिवस लागले. त्या वेळी मला तो निर्णय कठोर वाटला होता. आज त्या जागी मी असतो तर हाच निर्णय घेतला असता.

ओतकाम झाल्यावर पाणी मारून काँक्रीट ओले ठेवतात, आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेल्या ठोकळ्यांची सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबचाचणी करतात. टॉवरचे पहिले कडे आणि पाया यांच्यामध्ये उच्च ताकदीचे, न आकसणारे ग्राउट, म्हणजे सिमेंटसारखे ओतता येणारे मिश्रण, भरले जाते. हा थर काही सेंटीमीटरचाच असतो, पण टॉवरचा सगळा भार त्याच्यामधूनच खाली उतरतो.

सत्तर मीटर लांबीचे पाते घाटातून वर कसे येते?

पात्याचे दोन तुकडे करून साइटवर जोडण्याचे तंत्र काही उत्पादकांनी विकसित केले आहे. आपल्याकडे बहुतेक पाती मात्र अखंडच येतात. त्यासाठी लांबवता येणारा ट्रेलर असतो आणि त्याची मागची चाके स्वतंत्रपणे वळवता येतात. पुढचा चालक स्टिअरिंग सांभाळतो आणि मागे बसलेला दुसरा माणूस वळणावर मागची चाके उलट दिशेने फिरवतो. दोघांमधील बोलणे वॉकीटॉकीवर चालते. गुजरातमधील कारखान्यातून निघालेले पाते आपल्या पठारावर पोहोचण्यापूर्वी संपूर्ण मार्गाची पाहणी झालेली असते : कोणत्या वळणावर दरड छिलावी लागेल, कोणत्या गावात विजेची तार उचलावी लागेल, कोणता पूल किती वजन पेलतो, कोठे रस्त्याकडेची पाटी काढून नंतर पुन्हा लावावी लागेल. घाटातील एखाद्या वळणावर पात्याचे टोक दरीवर तरंगते आणि बुंधा दरडीला जेमतेम हातभर अंतरावरून जातो. तिथे मागचा माणूस खाली उतरून चालत चालत रिमोटने चाके वळवतो. दोन किलोमीटरच्या अशा चढाला अर्धा दिवस लागला तरी त्याला कोणी घाई करत नाही.

पात्यांपेक्षा नेसेल आखूड असले तरी वाहतुकीला तेच अधिक त्रासदायक, कारण त्याचे वजन. अनेक धुऱ्यांचे हायड्रॉलिक ट्रेलर, पुढे ओढणारा आणि कधी मागून ढकलणारा पुलर, अशी ती वरात असते. गावातून जाताना रस्ता बंद राहतो, लोकांची गैरसोय होते. ग्रामपंचायतीला आधी सांगून, वेळ ठरवून आणि खराब झालेला रस्ता दुरुस्त करून देऊन ती कमी करता येते, आणि तसे करणे हे आमचे कर्तव्यच आहे.

क्रेन स्वतः तिथे कशी पोहोचते?

तुकड्यातुकड्यांनी. सहाशे टन किंवा त्याहून मोठ्या वर्गाची, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी क्रेन तीस-चाळीस ट्रेलरांतून सुटी येते आणि लहान क्रेनच्या मदतीने जागेवर जोडली जाते. तिचा बूम, म्हणजे ओझे उचलणारा लांब हात, टॉवरहून उंच असतो आणि तो जमिनीवर आडवा जोडावा लागतो. म्हणून प्रत्येक लोकेशनवर तेवढ्या लांबीची सपाट, मोकळी पट्टी लागते. क्रेन उभी राहते तो चौथरा मुरूम आणि खडीचे थर देऊन, रोलरने दाबून, दाबाची चाचणी घेऊन तयार करतात. चौथरा एका बाजूने थोडासा जरी बसला तरी बूमच्या टोकाशी ओझे कित्येक फूट सरकते. क्रेन उलटण्याच्या घटना जगात जिथे घडल्या, तिथे अनेकदा दोष जमिनीचा किंवा वाऱ्याचा निघाला आहे. क्रेन क्वचितच सदोष होती.

टॉवरची नळकांडी एकावर एक कशी बसवतात?

टॉवर पाच-सहा भागांत येतो. सर्वांत आधी पायावर वीज नियंत्रणाची पॅनेल ठेवून घेतात आणि मग पहिला भाग त्यांच्यावरून खाली उतरवतात. एकदा टॉवर बसला की दारातून ती पॅनेल आत नेता येत नाहीत. प्रत्येक भाग ट्रेलरवरून आडवाच येतो. मोठी क्रेन त्याचे वरचे टोक आणि लहान क्रेन खालचे टोक धरते, दोघी मिळून तो हवेत घेतात, मग मोठी क्रेन वर ओढते आणि लहान क्रेन सावकाश पुढे सरकत तो उभा होऊ देते. तो पूर्ण उभा झाला की लहान क्रेन सुटी होते.

यानंतरची पाच मिनिटे मला आजही तितकीच महत्त्वाची वाटतात. आधी बसवलेल्या भागाच्या आत, वरच्या फळीवर तीन-चार रिगर, म्हणजे ओझे बांधणारे आणि जागेवर बसवणारे कामगार, उभे असतात. डोक्यावर साठ-सत्तर टनांचे नळकांडे हळूहळू खाली येत असते आणि क्रेनचालकाला ते दिसत नसते. तो केवळ वॉकीटॉकीवरील एका माणसाचा शब्द ऐकत असतो. हा नियम कडक आहे : बोलणारा एकच, थांबण्याचा हुकूम मात्र कोणीही देऊ शकतो. दोन कडी वीतभर अंतरावर आली की टोकदार पिना भोकांत घालून दिशा मिळवतात, आतील शिड्यांचे रूळ एका रेषेत आले का ते पाहतात, आणि कडी टेकेपर्यंत कोणीही बोट मध्ये घालत नाही.

सगळे बोल्टवरच का? वेल्डिंग अधिक मजबूत नाही का?

कारखान्यात नळकांड्याचे पत्रे वेल्डिंगनेच जोडलेले असतात, पण तिथे छप्पर असते, यंत्रे असतात आणि क्ष-किरण किंवा ध्वनिलहरींनी तपासणी होते. उघड्या माळावर, शंभर मीटर उंचीवर तसे वेल्डिंग करता येत नाही, आणि पुढे भाग सुटेही करायचे असतात. खरा मुद्दा मात्र थकव्याचा आहे. वीस-पंचवीस वर्षांत रोटरचे कोट्यवधी फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात तीन पाती टॉवरसमोरून जाताना त्याला तीन हलके धक्के बसतात. धातू एका मोठ्या धक्क्याने तुटण्यापेक्षा अशा कोट्यवधी लहान धक्क्यांनी थकून तुटण्याचा धोका अधिक.

म्हणून बोल्ट आधीच इतका ताणून ठेवतात की दोन कडी एकमेकांवर प्रचंड दाबाने बसतात आणि वाऱ्याचा बदलता भार बहुतांशी त्या दाबात जिरतो. बोल्टच्या वाट्याला त्यातला थोडाच अंश येतो. ४२ मिलिमीटर जाडीच्या, १०.९ ग्रेडच्या, म्हणजे उच्च ताकदीच्या पोलादाच्या, एका बोल्टला सुमारे ऐंशी टनांच्या ओढीइतका ताण दिला जातो. मोटारीच्या चाकाचा नट ज्या जोराने आवळतात, त्याच्या चाळीस पटींहून अधिक जोर त्यासाठी लागतो. तो हायड्रॉलिक टॉर्क मशीनने, समोरासमोरच्या बोल्टांच्या ठरलेल्या क्रमाने आणि दोन फेऱ्यांत लावतात. सैल बोल्ट म्हणजे थकणारा बोल्ट, आणि एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो.

आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर, नटापासून कड्यापर्यंत, रंगीत मार्करने एक सरळ रेघ ओढतात. पुढे कधी नट फिरला तर ती रेघ तुटलेली दिसते. एका टॉवरमध्ये अशा शेकडो रेघा असतात, आणि त्या ओढणारा मुलगा किती प्रामाणिक आहे यावर बरेच काही अवलंबून असते. बोल्ट न आवळता रेघ ओढणे एका सेकंदाचे काम आहे. यंत्र काही आठवडे चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासून आवळले जातात, कारण रंग आणि धातूची कडी दबून ताण किंचित उतरतो.

टॉवर उभा झाल्यावर नेसेल लगेच का बसवतात?

कारण डोक्यावर वजन नसलेला उंच टॉवर मंद वाऱ्यातही डोलू लागतो. नळकांड्याच्या दोन्ही बाजूंनी भोवरे एकाआड एक सुटतात, आणि त्यांची लय टॉवरच्या स्वतःच्या लयीशी जुळली की डोलणे वाढत जाते. यासाठी जोराचा वारा लागत नाही, ठरावीक वेगाचा सलग वारा पुरतो. म्हणून शक्यतो शेवटचा टॉवरभाग आणि नेसेल लागोपाठ चढवतात. ते जमणार नसेल, तर शेवटचा भाग खालीच ठेवतात किंवा टॉवरभोवती दोर गुंडाळून भोवऱ्यांची लय मोडतात.

पाती जमिनीवर जोडून वर नेतात की एकेक करून वर बसवतात?

दोन्ही पद्धती आहेत. पहिलीत हब जमिनीवर मांडून तीनही पाती त्याला जोडतात आणि तयार झालेला तारा एकदम उचलतात. जोडणी जमिनीवर होत असल्याने तपासणी सोपी जाते, पण १४० मीटर व्यासाचा तारा पसरायला मोकळी जागा लागते. डोंगराच्या सोंडेवर ती मिळत नाही, आणि शेतात ती घ्यायची तर उभे पीक जाते. उचलताना मोठी क्रेन हबला आणि लहान क्रेन तिसऱ्या पात्याच्या टोकाला धरते. आडवा तारा हवेत सावकाश उभा होतो, लहान क्रेन सुटते, आणि उरलेल्या दोन पात्यांना बांधलेले लांब दोर माळावर दूर उभ्या असलेल्या टोळ्या ओढून धरतात. वाऱ्याने तारा फिरू नये यासाठी शेवटपर्यंत त्या दोरांवर ताण ठेवावा लागतो. वर नेसेलमधील माणसे हबची भोके शाफ्टच्या बोल्टांशी जुळवतात.

दुसऱ्या पद्धतीत हब आधी नेसेलला बसवतात आणि पात्यांना एका खास चौकटीत धरून एकेक वर नेतात. एक पाते बसले की हब एकशेवीस अंश फिरवून कुलूपबंद करतात आणि दुसरे घेतात. जागा कमी लागते, वाट पाहणे मात्र तिप्पट होते, कारण प्रत्येक पात्यासाठी शांत हवेची वेगळी संधी मिळावी लागते. आपल्या सड्यांवर आणि बागायती शेतांत मला हीच पद्धत अधिक योग्य वाटते; वेळ आपला जातो, जमीन शेतकऱ्याची वाचते.

दोन्ही पद्धतींत एक नियम समान आहे. तीन पाती वजन आणि तोल जुळवून एका संचाची म्हणून येतात आणि त्यांच्या बुंध्यावर संचाचा क्रमांक रंगवलेला असतो. एका संचाचे पाते दुसऱ्यात गेले तर रोटर तोल सोडून फिरतो आणि सगळे यंत्र हादरते. बुंध्यावरील शून्य अंशाची खूण हबवरील खुणेशी जुळवणेही तेवढेच आवश्यक आहे, कारण पुढे पाती आपल्या अक्षाभोवती किती वळायची हे नियंत्रक त्याच शून्यापासून मोजतो.

किती वाऱ्यात काम थांबवतात?

मर्यादा उत्पादक ठरवतो आणि ती उचलायच्या वस्तूनुसार बदलते. रोटर किंवा पाते उचलताना सेकंदाला साधारण आठ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या जवळ वारा गेला की थांबावे लागते. टॉवरच्या भागांसाठी थोडी अधिक मुभा असते. वेग बूमच्या टोकावर मोजतात, जमिनीवर नाही. पहाटे खाली झाडाचे पानही हलत नसताना वर नऊ मीटरचा वारा असू शकतो, आणि अशा वेळी खाली उभ्या असलेल्या मालकाला हे पटवणे कठीण जाते. दोन-दोन दिवस क्रेन नुसती उभी राहते आणि तिचे भाडे चालूच असते. तरीही त्या आकड्यापुढे कोणाचेही काही चालू नये, असे माझे ठाम मत आहे.

कामगार एवढ्या उंचीवर कसे जातात?

टॉवरच्या आतून, शिडीने. शिडीलगतच्या रुळावर किंवा तारेवर सरकणारी कडी प्रत्येकाच्या हार्नेसला अडकवलेली असते आणि पाय घसरला तर ती जागीच आवळते. लिफ्ट नंतर बसते, त्यामुळे उभारणीच्या दिवसांत १४० मीटर शिडी चढावीच लागते. उंचीवरील काम, प्रथमोपचार आणि जखमी सहकाऱ्याला दोराने खाली उतरवण्याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणालाही वर सोडत नाहीत. या चढणाऱ्यांत पाटण, साक्री, जत भागातील आयटीआय झालेली अनेक मुले आहेत.

वर तयार झालेली वीज खाली आणि पुढे कशी जाते?

अनेक यंत्रांत जनित्राची वीज ६९० व्होल्टची असते. तीन मेगावॉटसाठी त्या दाबाला सुमारे अडीच हजार अँपियर प्रवाह होतो, म्हणून टॉवरमध्ये मनगटासारख्या जाड केबलींचा जुडगा उतरतो. पायथ्याच्या यार्डात ट्रान्सफॉर्मर तिचा दाब ३३ हजार व्होल्टपर्यंत वाढवतो आणि प्रवाह पन्नासेक अँपियरवर येतो. तेवढा प्रवाह खांबांवरच्या साध्या तारा वाहून नेतात. अनेक पवनचक्क्यांची वीज एका उपकेंद्रात गोळा होऊन पुढे पारेषणच्या वाहिनीत जाते.

नेसेल वाऱ्यामागे वळत राहिल्याने केबलींना पीळ बसतो. त्यासाठी वर केबलींचा सैल झोळ सोडलेला असतो, आणि काही फेरे एकाच दिशेने झाले की यंत्र स्वतः थांबून उलटे वळते आणि पीळ सोडवते. रिकाम्या दिवशी पवनचक्कीचे डोके आपणहून गोल फिरताना दिसले तर ती बहुधा हेच करत असते.

वीज कोसळली तर?

पात्यांच्या टोकाशी धातूच्या चकत्या असतात. तिथून आतील तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वाहकाने, हब, नेसेल आणि टॉवरमार्गे आकाशातील वीज पायाभोवती पुरलेल्या अर्थिंगच्या कड्यात जाते. सड्यावरील कातळात अर्थिंगचा रोध कमी करणे अवघड असते, म्हणून हे काम पाया भरण्याआधीच नीट करून घ्यावे लागते. माती भरल्यावर केलेल्या दुरुस्तीला तेवढा गुण येत नाही.

उभी राहिली की लगेच फिरू लागते का?

नाही. टॉवरचा पहिला भाग ते पाती हे काम वाऱ्याने साथ दिली तर आठवडाभरात होते, परंतु आधी पायाला महिना-दीड महिना आणि नंतर केबली, सेन्सर, ब्रेक आणि पाती वळवणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्यांना आणखी काही आठवडे लागतात. विद्युत निरीक्षकांची परवानगी मिळेपर्यंत ग्रिडला जोडता येत नाही. पहिला फेरा जोडणीशिवाय, सावकाश घेतात. पाती वाऱ्याकडे कड करून धरलेली असतात, ती काही अंशांनी वळवतात आणि रोटर हलतो. त्या वेळी सगळे जण वर पाहण्याऐवजी टॉवरला कान लावून उभे असतात. कुठे घासण्याचा, ठोकण्याचा आवाज येत नाही ना, हे ऐकण्यासाठी. पुढे सेकंदाला तीन मीटरच्या वाऱ्यात यंत्र सुरू होते, दहा-बारा मीटरला पूर्ण क्षमता गाठते आणि वीस-पंचवीस मीटरच्या वादळात पाती वळवून स्वतःला थांबवते. पूर्ण वेगात पात्याचे टोक ताशी सुमारे २९० किलोमीटरने जात असते, जरी खालून ते संथ दिसत असले.

आयुष्य संपल्यावर काय करतात?

हाच क्रम उलटा. आधी पाती, मग हब, नेसेल आणि टॉवर. पोलाद आणि तांबे भंगारात जाऊन पुन्हा वितळतात. काचतंतूंच्या पात्यांचे मात्र तसे होत नाही. ती कापून सिमेंटच्या भट्टीत वापरण्याचा मार्ग आहे, पण तो अजून सर्वत्र रुळलेला नाही. जुन्या लहान यंत्रांच्या जागी मोठी बसवण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये धोरण आणले आणि २०२३ मध्ये ते सुधारले. वनकुसवडे, चाळकेवाडीसारख्या उत्तम वाऱ्याच्या पठारांवर जुनी यंत्रे उभी असल्याने हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा आहे. जुना पाया मोठ्या यंत्राला चालत नाही. शेजारी नवा घ्यावा लागतो, आणि जुन्याचा जमिनीलगतचा भाग फोडून वर माती पसरली तरी खालचे काँक्रीट बहुधा तिथेच राहते. म्हणून जमीन देताना शेतकऱ्याने करारात हा मुद्दा स्पष्ट लिहून घ्यावा : यंत्र काढल्यावर पाया किती खोलीपर्यंत काढायचा, माती कोणी भरायची आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा.